केबलवरचा भेरूजी

१

चंद्रावती मिलच्या आवारात चर खणताना थावरिया नावाचा मजूर विजेच्या केबलवर सब्बल, म्हणजे पहार, आपटून जागच्या जागी मेला. ही खबर आमच्या कार्यालयात पोचली तोवर पोलिसांनी गुन्हेगार पकडलाही होता. इतक्या झटपट आमच्या इंदूरात पोहेसुद्धा मिळत नाहीत.

पकडलेल्याचं नाव बाबूराव घाटगे. जन्मभर त्यानं चंद्रावती मिलमध्ये केबलचे जोड केले आणि मिल बंद पडल्यापासून तो मिलच्याच कॉलनीत घरी बसून होता. टेलिफोनची नवी, काचेच्या तंतूंची केबल टाकायला आलेल्या इंजिनिअरला त्यानं जमिनीखालची विजेची लाइन मुद्दाम चुकीच्या जागी सांगितली, असा आरोप होता. मिलची जमीन विकायला निघाली होती आणि बाबूराव त्या विक्रीविरुद्ध सगळ्या कॉलनीला गोळा करत होता. म्हणजे कारणही तयारच होतं.

मी श्रीकृष्ण मोघे, विद्युत निरीक्षकांचा सहायक. वीज लागून कोणी मेलं की ते कसं मेलं हे ठरवणं आमच्याकडे असतं. निरीक्षक म्हणजे यामिनी रणदिवे. मॅडम महूच्या, वडील लष्कराच्या बांधकाम खात्यात होते. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला मोजक्या. माझं बोलणं त्या ऐकून घेतात, याचं मला अजून नवल वाटतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा मिलच्या आवारात ऊन चढत होतं. थंडीचे दिवस, काळी माती भेगाळलेली. चुन्याची सरळ रेघ मारलेली होती आणि त्या रेघेवरच खड्डा होता. प्रेत दवाखान्यात नेलेलं होतं. खड्ड्यापासून बऱ्याच अंतरावर, कडुनिंबाखाली, शेंदूर फासलेला भेरूजीचा, म्हणजे भैरवाचा, दगड उभा होता. त्याच्यापलीकडे थावरियाची बायको मंगली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. दोघं झाबुआकडून कामाला आलेले. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

ठेकेदाराचा इंजिनिअर सुजय देवल पुढं आला. पुण्याचा, तरुण, इस्त्रीचा शर्ट, पण डोळे सुजलेले.

"मॅडम, आमच्याकडे नकाशा नव्हता. मिलचं ऑफिस बंद. म्हणून मी घाटग्यांच्या घरी जाऊन विचारलं," तो म्हणाला. "ते म्हणाले, भेरूजी बसलेत तिथं केबल वळते. त्यांच्यापासून चार हात लांब राहा आणि मग खुशाल खणा. आम्ही तर चार हातांपेक्षा किती तरी लांब आहोत. बघा तुम्हीच."

हे मला नवीन नव्हतं. जमिनीखालून केबल जिथं वळते तिथं वर दगड रोवायची पद्धत असते. आणि आमच्या माळव्यात एकटा उभा दगड फार दिवस नुसता दगड राहत नाही, त्याचा भेरूजी होतो. मिलच्या वीजखात्यातले लोक दसऱ्याला याच दगडापुढं नारळ फोडायचे.

"आधी हातानं छोटे खड्डे घेऊन केबल शोधलीत?" मॅडमनी विचारलं.

"ट्रायल पिट? नाही. माहिती होतीच ना."

"लाइन बंद करून घेतलीत?"

"लाइनमनला सांगितलं होतं. धनेश म्हणून आहे. त्यानं बंद केलीच नाही."

आमच्या मागून कोणीतरी खाकरलं. खाकी शर्टातला एक माणूस कधीपासून उभा होता, आम्हाला कळलंच नव्हतं.

"मी धनेश," तो म्हणाला. "आणि साहेब झूठ बोलतायत."

२

सुजय आणि धनेश एकमेकांच्या अंगावर जायच्या आत मी मध्ये पडलो. धनेशचं म्हणणं असं, की ही लाइन जिवंत आहे हे त्यानं स्वतः सुजयला सांगितलं होतं. मिल बंद झाली तरी कॉलनीची वीज आणि पाण्याचा पंप याच जुन्या केबलवर चालत होते.

"मी बोललो होतो ना उनको, की भिया, सकाळी मी लाइन बंद करून देतो, फिर खोदा. सकाळी आलो तर हे म्हणे जरूरत नाही, तुम्ही जा. मी गेलो आणि घंट्याभरात धडाका झाला."

"साफ खोटं," सुजय म्हणाला. "मी वाट बघत होतो, हा आलाच नाही."

एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. साक्षीदार एकच, तो मेलेला. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मोघेजी, चला, बाबूरावांना भेटू."

ठाण्यात बाबूराव भिंतीला टेकून बसला होता. उंच, दणकट हाडापेराचा माणूस. आम्ही नमस्कार केला तर त्यानं उठून हात जोडले. मॅडमनी सरळ विचारलं, "बाबूरावजी, केबल कुठं आहे म्हणून सांगितलंत तुम्ही?"

"जे सांगितलं ते गलत निघालं," तो म्हणाला. "लिहा तसं. सही देतो."

"मुद्दाम गलत सांगितलंत?"

"तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, मॅडमजी."

यापलीकडे एक शब्द नाही. मला राग आला. माणूस मेलाय आणि हा गृहस्थ तोंडात गूळ धरून बसल्यासारखा. मुद्दाम केलं म्हणून सिद्ध झालं तर उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार होतं, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

बाहेर हवालदार गजानन चहा पीत होता. तो स्वतःहून बोलायला लागला. "अजब माणूस आहे मॅडम. काल पकडून आणला तर पूरा दिवस एकच रट. मी सही सांगितलं, मी जे बोललो ते सोळा आणे सच. आज सकाळी जागा दाखवायला मिलमध्ये नेला, तर फाटकात बसून गेला. आत येईना. शपथ आहे म्हणे."

"कसली शपथ?"

"टाळा लागला ना मिलला, तवा सगळ्यांनी फाटकाची माती कपाळाला लावली होती. टाळा उघडल्याशिवाय ना मी आत पाऊल टाकणार, ना माझ्या घरचं कोणी. बाकीचे भूलून गेले. हा एकटा पाळतो. शेवटी आम्ही दोघांनी उचलून आत नेला." गजानननं कप खाली ठेवला. "खड्डा पाहिला, कुछ नाही बोलला. मग परत नेताना भेरूजीपाशी थांबला, पाहिलं. बस. तेव्हापासून चूप आहे."

मॅडम थबकल्या. "खड्डा बघून नाही? भेरूजीला बघून?"

"भेरूजीला बघून," गजानन म्हणाला.

३

मिलच्या कॉलनीत अर्धी घरं रिकामी होती. लोक मुलांकडं गेले, गावाला गेले, काही अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या भागात भाड्यानं राहायला गेले. ज्या कॉलनीत गणपतीत नाटकं व्हायची तिथं दुपारची कुत्री झोपलेली बघून मला वाईट वाटलं. माझा मामा याच मिलच्या ऑफिसात होता.

बाबूरावची बायको अंबिकाबाई दारातच उभी होती. तिनं आम्हाला आत बसवलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी भांडी पाण्यानं भरलेली. हंडे, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा काठोकाठ.

"काल सकाळपासून पंप बंद आहे ना," मॅडम म्हणाल्या. "मग एवढं पाणी कुठून आणलंत, काकू?"

"ते तर परवा संध्याकाळीच भरलं होतं. धनेश घरोघर सांगून गेला, की सकाळी लाइन बंद करणार आहे, खुदाई आहे, पाणी भरून ठेवा. बरं झालं भरलं. अजून त्यावरच चालू आहे."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मीही काही खुळा नाही. लाइन बंद होणार हे परवाच ठरलं होतं. स्वतः घरोघर सांगत फिरलेला धनेश सकाळी न येता कसा राहील? तो आला होता. त्याला परत पाठवणारा सुजयच.

"ज्याचं झालं तो मुलगा माहीत होता तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

अंबिकाबाईचा चेहरा पडला. "थावरिया? रोज पाणी घ्यायला यायचा भिंतीपाशी. बाई बोलायचा मला. त्याची ती नवरी पण यायची. तिकडच्या त्या भिंतीला भोक आहे, तिथून मी कळशी द्यायची." तिनं पदर तोंडाला लावला. "हे असं नाही करणार हो, मॅडम. मी यांना ओळखत नाही का? संघटनेवाल्यांनी दगड मारा म्हटलं तेव्हा हे नाही म्हणाले. आणि गरिबाच्या पोराला मारतील?"

"तुम्हाला भेटले ते?"

"काल भेटले. बोलले की मी सही सांगितलं, घाबरू नको. आज गेले तर बघत पण नाहीत माझ्याकडं."

चहा टाकायला ती मागच्या अंगणात गेली, तशा मॅडमही तिच्यामागं गेल्या, त्यांच्यामागं मी. चूल अंगणातच होती. तुळशीपाशी जात्याची वरची तळी पडली होती, खुंट्याच्या भोकात पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलेली. खालची तळी कुठं दिसत नव्हती. शेजारी मातीत तिच्या आकाराची गोल जागा मात्र होती, तिथं गवत उशिरा आणि बारीक उगवलेलं.

"जातं वापरत नाही आता?" मॅडमनी सहज विचारलं.

अंबिकाबाईनं मान वर केली. आधी मॅडमकडं पाहिलं, मग त्या गोल जागेकडं. हातातली साखर चुलीत सांडली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

४

आम्ही पुन्हा मिलमध्ये आलो. मॅडम सरळ भेरूजीपाशी गेल्या, चपला काढल्या आणि दगडापुढं उकिडव्या बसल्या. मी जरा अंतरावर उभा राहिलो. देवाच्या बाबतीत मी भित्रा आहे.

"मोघेजी, जवळ या. शेंदूर बघा."

दगडाच्या वरच्या भागावर शेंदराचं जाड कवच होतं, वर्षानुवर्षांचं, कडांना फुटलेलं. पण हे कवच मध्यावर एका रेषेत संपत होतं. त्याखाली दगड खडबडीत होता आणि त्याच्यावर शेंदराचा एकच पातळ हात फिरवलेला होता.

"लोक शेंदूर लावतात तो जमिनीच्या वरच्या भागाला," मॅडम म्हणाल्या. "खालचा भाग मातीत असतो, तिथं हात पोचत नाही. हा अर्धा दगड वर्षानुवर्षं जमिनीत होता. आता बाहेर आहे. का?"

उत्तर मलाही दिसत होतं. दगड रोवलेला नव्हताच. तो ठेवलेला होता, बुडाशी जात्याच्या खालच्या तळीवर, चारी बाजूंनी चिखल लिंपून, तळीची कड मात्र उघडी.

"कोणीतरी हलवलाय," मी म्हणालो.

"हो. पण कुठून?"

मॅडम उठून खड्ड्याकडं गेल्या. बाहेर काढलेल्या मातीचा ढीग आम्ही हातांनी उकरला. ढिगाच्या तळाशी, म्हणजे खड्ड्यातून सगळ्यात आधी निघालेल्या मातीत, नारळाच्या करवंट्या निघाल्या, कुजलेली शेंडी निघाली, आणि शेंदराचे लहान लहान पापुद्रे. मॅडमनी एक पापुद्रा तळहातावर घेतला.

थावरिया मेला ती जागाच भेरूजीची होती. केबल वळत होती ती तिथं, खड्ड्यात. बाबूराव खरंच सोळा आणे खरं बोलला होता. दगडच जागेवर नव्हता.

आणखी एक गोष्ट मॅडमनी दाखवली. खड्ड्याच्या काठाला विटा रचलेल्या होत्या, एकावर एक, अख्ख्या, माती पुसलेल्या. त्यांच्या बाजूला पिवळ्या वाळूचा छोटा ढीग. काळ्या मातीत अशी वाळू आपोआप येत नाही. केबल पुरताना तिच्यावर वाळू टाकतात आणि वाळूवर विटा मांडतात, उद्या कोणी खणलंच तर आधी वीट दिसावी आणि हात थांबावा म्हणून.

"हात थांबला होता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदललेला मला जाणवला. "सब्बलीनं निघालेल्या विटा फुटतात. या हातानं उचलल्यात. पुसून रचल्यात. चुलीला नेणार असेल बिचारा. म्हणजे तो थांबला होता, मोघेजी. मग त्यानं परत सब्बल का उचलली?"

५

सुजय सावलीत खुर्ची टाकून बसला होता. मॅडम त्याच्यासमोर उभ्याच राहिल्या.

"देवल, विटा निघाल्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"मी दुसऱ्या टोकाला होतो. मला कोणी काही सांगितलं नाही."

"धनेश आला नाही, असंही तुम्ही म्हणालात. तो आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून गेला होता. कॉलनीतली प्रत्येक बाई पाणी भरून बसली होती. तो आला होता आणि तुम्ही त्याला परत पाठवलंत."

सुजय खुर्चीतून अर्धा उठला, पुन्हा बसला.

"मजूर खणायचा थांबला, विटा काढल्या, पुसल्या, रचल्या. याला वेळ लागतो. रोजंदारीवर आलेला माणूस एवढा वेळ थांबतो तो कोणाला तरी विचारायला. आणि एकदा थांबलेला माणूस आपल्या मनानं पुन्हा सब्बल मारत नाही. त्याला मार म्हणून सांगावं लागतं. इथं सांगणारा माणूस एकच आहे. मी मंगलीला विचारू, का तुम्ही सांगता?"

मी मंगलीकडं पाहिलं. ती आमच्याकडेच बघत होती. काल सकाळपासून तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्याही नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे.

सुजयनं चेहरा हातांत घेतला. "त्यानं मला बोलावलं," तो म्हणाला. "साब, ईंटा निकल रहा है. मी बघितलं. मला वाटलं जुनी गटार असेल. केबल तर तिकडं होती ना, भेरूजीपाशी. घाटग्यांनी इतकं छातीठोक सांगितलं होतं. लाइन बंद केली असती तर धनेश दुपारीच चालू करायला आला असता. काम अर्धवट राहिलं असतं. महूपर्यंतची टेलिफोनची लाइन याच आठवड्यात जोडायची होती. मी म्हटलं, मार."

"इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी शिकवतात वाळू आणि विटा म्हणजे काय ते."

"माहीत होतं," सुजय म्हणाला. "तेव्हा आठवलं नाही."

तो खोटारडा होता, पण त्या क्षणी तो खरं बोलत होता असं मला अजून वाटतं. घाई झाली की शिकलेल्यालाही शिकलेलं आठवत नाही.

मी ठाण्यातून गजाननला बोलावून घेतलं, तो त्याला घेऊन गेला. मी कागद गोळा केले. "संपलं मॅडम. बाबूरावला सोडवू."

"कसं सोडवणार?" मॅडम म्हणाल्या. "दगड हलवला कोणी हे सांगावं लागेल. नाहीतर फौजदार म्हणतील, यानंच हलवला आणि मग इंजिनिअरला तिकडं बोट दाखवलं. मुद्दाम केल्याचा त्याहून मोठा पुरावा कोणता?"

"पण तो तर आत पाऊल टाकत नाही."

"तो नाही टाकत."

जात्याची तळी माझ्या डोळ्यांपुढं आली. तेव्हा मला कळलं की बाबूराव भेरूजीला बघून गप्प का झाला. दगडाखालची तळी त्याच्या घरातली होती, हे त्यानं पहिल्याच नजरेत ओळखलं होतं.

६

ठाण्यात मॅडमनी बाबूरावला सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. त्या थांबल्या तसा तो म्हणाला, "मॅडमजी, दगड मी हलवला असं लिहा."

"ते खोटं आहे."

"माझी सही, माझा गुन्हा. तुमचं काय जातं?" पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. "ती त्या पोराला रोज पाणी देत होती. तिला हे कळलं तर ती जगेल का? मला जेल झाली तर चालेल. तिला हे नको."

"तुम्ही खोटं लिहून दिलंत तर देवल म्हणेल, मला फसवलं," मॅडम म्हणाल्या. "तो सुटेल. आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा कोणाला तरी मार म्हणून सांगेल. विटा दिसल्या तरी."

तेवढ्यात दारात सावली पडली. अंबिकाबाई होती. दुपारी आम्ही निघाल्यापासून ती चालतच इथवर आली असावी, पायांवर धूळ होती.

"भेरूजी मी हलवले," ती म्हणाली.

"अंबिका, चूप बस. घरी जा."

"नाही बसणार चूप. लई बसले." ती मॅडमकडं वळली. "गेल्या पावसात नव्या बंगल्यांचं गटार फुटून सगळं घाण पाणी भेरूजीवर यायला लागलं. मिल चालू असती तर माणसं नसती का आली साफ करायला? मला बघवेना. मागच्या घरातल्या दोघी होत्या तेव्हा, आता गेल्या गावाला. तिघींनी भिंतीच्या भोकातून आत जाऊन ओढत नेले त्यांना उंचावर. चिखल होता, दगड निघाला लगेच. बसायला नीट जागा हवी म्हणून घरची तळी नेली."

"मला सांगायचं नाही?" बाबूराव म्हणाला.

"कसं सांगू? तुम्ही शपथ घेतली होती, घरचं कोणी आत जाणार नाही. तुम्ही ती पाळली, लोक हसले तरी पाळली. मी मोडली हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि मला काय माहीत की त्याच्याखाली केबल आहे? तुम्ही तरी कधी सांगितलं? माझ्यासाठी तो देव होता."

बाबूराव शपथ बाजूला ठेवून स्वतः जाऊन जागा दाखवता तर दगड हलल्याचं तिथंच कळलं असतं. हे मी म्हणायची गरज नव्हती, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. शपथ मोठी असते, पण ती घेताना तिच्यात कोण कोण बांधलं जातंय हे माणसाला दिसत नाही.

अंबिकाबाई मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, एक सांगा. माझ्यामुळं मेला का तो?"

मी मनात म्हणालो, नाही म्हणा. एवढं एक खोटं बोला, कोणाचं काही बिघडणार नाही.

"विटा दिसल्यावर खणायला सांगितलं म्हणून तो मेला," मॅडम म्हणाल्या. "तो दोष देवलचा आहे. दगड कुठंही असता तरी विटा बघून थांबायलाच हवं होतं. मी तसंच लिहिणार आहे."

"पण दगड जागेवर असता तर?"

"तर त्यांनी तिथं खणलंच नसतं, काकू."

त्या क्षणी मला मॅडमचा फार राग आला. पण अंबिकाबाई रागावली नाही. तिनं हळूच मान हलवली, खरं उत्तर मिळाल्यावर माणूस हलवतो तशी. फौजदारांनी तिचा जबाब घेतला. देव समजून दगड हलवला, यात गुन्हा कुठं आहे हे त्यांनाही सापडलं नाही. बाबूरावला संध्याकाळच्या आत सोडतो म्हणाले.

"त्याची नवरी कुठं आहे?" जबाबावर अंगठा उठवून झाल्यावर तिनं विचारलं.

"मिलमध्येच. गाडीची वाट बघतेय, गावी न्यायला."

बाबूराव तिच्यासोबत जायला उठला तर तिनं त्याला हातानं थांबवलं. मॅडम आणि मी तिच्याबरोबर गेलो. या खेपेला ती भिंतीच्या भोकातून गेली नाही, मोठ्या फाटकातून सरळ आत गेली.

मंगली कडुनिंबाखाली तशीच बसली होती. शेजारी गाठोडं. अंबिकाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागली. "ये भगवान का पत्थर पहले वहाँ था, जहाँ तेरे आदमी ने खोदा. मैंने इधर लाया. किसी को बोला नहीं. उधर रहता तो वो उधर नहीं खोदता."

मंगलीनं डोकं वर केलं. मला वाटलं आता ती हात उचलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी मध्ये पडणार नव्हतो.

"साब लोग बोले, उसने ध्यान नहीं रखा," मंगली म्हणाली. "बोले, गँवार था, जोर से मार दिया. गाँव में भी यही बोलना, बोले."

मंगलीनं गाठोड्याची गाठ घट्ट ओढली.

"तो उसकी गलती नहीं थी?"

"नहीं," अंबिकाबाई म्हणाली. "उसकी कुछ गलती नहीं थी. वो तो रुका था."

मंगली काल सकाळपासून रडली नव्हती. ती तेव्हा रडली.